ताईचं झबलं, बाळाच्या अंगाला

पहिल्या वर्षात बाळाची उंची साधारण 25 सेंटिमीटरनं वाढते आणि वजन जन्माच्या वेळेपेक्षा जवळपास तिप्पट होतं. त्यामुळे हौसेनं घेतलेला फ्रॉक दोन-तीन महिन्यांत आखूड होतो. कापड मात्र नव्यासारखंच असतं.

कापूस पिकवण्यापासून धरलं, तर एका सुती टी-शर्टमागे सुमारे 2,700 लिटर पाणी लागतं, असा अंदाज आहे. तोच कपडा दुसऱ्या बाळानं वापरला, तर पाणीही वाचतं आणि पैसाही.

आपल्याकडे ही रीत जुनीच. आजीच्या लुगड्याची दुपटी, मावसभावंडांची झबली, आणि शेवटी त्यांचीच गोधडी. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत कोवळ्या अंगाला टोचत नाही.

वापरलेले कपडे घेताना उजेडात धरून पाहा. काखेची शिवण हलकेच ओढून बघा. सैल बटणं पक्की करा. गळ्याजवळची नाडी काढूनच टाका, ती बाळाला धोक्याची. इलास्टिक सैल असेल, तर नवं ओवायला पाच मिनिटं पुरतात. मग कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा.

आणि आपल्या बाळाला तोकडे झालेले कपडे माळ्यावर टाकू नका. स्वच्छ धुऊन, घडी घालून, ओळखीतल्या बाळंतिणीला आपुलकीनं विचारा. कपडा विरेपर्यंत कुणाच्या तरी अंगावर राहावा, यातच त्याचं सार्थक आहे.