‘मी कोण आहे, माहीत आहे का?’

(उत्सवातील ‘आपला व्यवसाय, आपले अनुभव’ या कार्यक्रमात केलेले भाषण)



चिटणीसांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं होतं की ‘रेल्वेतील नवे तंत्रज्ञान’ या विषयावर वीस मिनिटं बोला. मी कागद काढले, आकृत्या काढल्या. नंतर बायको म्हणाली, आरतीनंतर लोकांना भूक लागलेली असते, बाहेर सुंडल आणि मोदक तयार असतात, तुमचा कॉम्प्रेसर कोण ऐकणार? तिचं म्हणणं पटलं. म्हणून यंत्राचं सोडून माणसांचं बोलतो. वीस-बावीस वर्षं गाडीच्या डब्यांमध्ये आणि प्रवाशांमध्ये काढली, त्यातलंच थोडं. माझ्या भाच्याचंही सांगणार आहे, तो जहाजावर आहे.

मी मूळचा सोलापूरचा. शासकीय तंत्रनिकेतनातून डिप्लोमा केला, रेल्वे भरतीची परीक्षा दिली आणि २००४ साली मद्रासला, म्हणजे चेन्नईला येऊन पडलो. इथे साहुकारपेठेतल्या आपल्या गलाई बांधवांनी पहिले दोन महिने मला जेवू घातलं, ते मी विसरलेलो नाही. त्यातले काही आज समोर बसलेत. काम मिळालं ते डब्यातली वीज आणि एसी बघण्याचं. एरवी काम डेपोत. पण उन्हाळ्याच्या गर्दीत किंवा एखादा डबा त्रास देत असेल तर गाडीबरोबर जावं लागतं. आणि गाडीबरोबर गेलं की प्रवासी भेटतात.

एसी डब्याची एक गंमत सांगतो. थंड हवा येते छतातून. वरच्या बर्थवरचा माणूस कुडकुडतो आणि खालच्याला, त्यातही दाराजवळ असेल तर, गरम होतं. दोघंही मलाच बोलावतात. वरचा म्हणतो, अहो, मारता काय आम्हाला. खालचा म्हणतो, पैसे कशाचे घेता. दोघांचे पैसे सारखेच आणि डबाही एकच. सुरुवातीला मी थर्मामीटर काढून दाखवायचो, की बघा साहेब, चोवीस डिग्री आहे. त्याने माणूस जास्त चिडतो. आपल्याला गरम होतंय आणि हा कागदावर थंडी दाखवतोय, असं त्याला वाटतं.

माझे पहिले वरिष्ठ मेकॅनिक तमिळ गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी मला दोन वाक्यं शिकवली. एक, ‘आमां सार, पार्क्करेन’, म्हणजे हो साहेब, बघतो. आणि दुसरं, ‘उक्कारुंगा सार’, बसा साहेब. ते म्हणायचे, उभा माणूस जेवढं ओरडतो तेवढं बसलेला ओरडू शकत नाही, म्हणून आधी बसव. मी अनेकदा करून पाहिलंय, खरं आहे. ते आणखी एक करायचे. पॅनल उघडायचे, स्क्रू-ड्रायव्हर आत घालून दोन मिनिटं काहीतरी खुडबुड करायचे आणि विचारायचे, आता कसं वाटतंय? निम्मे लोक म्हणायचे, हां, आता बरं आहे. केलेलं काहीच नसायचं. ही लबाडी मीही केली आहे, इथे कबूल करतो. बाप्पा समोर आहे, खोटं बोलवत नाही.

पण प्रत्येक चिडलेला प्रवासी उद्धट असतो असं समजू नका. १९०९ साली अखिलचंद्र सेन नावाच्या एका बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे अधिकाऱ्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत एक संतापलेलं पत्र लिहिलं. शौचाला खाली उतरला, गार्डाने शिट्टी दिली, गाडी सुटली, हा हातात लोटा आणि धोतर सावरत पळतोय, अशी सगळी हकीकत त्यात आहे. लोक ते पत्र हसत हसत वाचतात. पण खालच्या वर्गाच्या डब्यात संडास आले ते या पत्रामुळे, असं सांगितलं जातं. त्या दिवशी गार्डाला तो माणूस उद्धटच वाटला असणार. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या डब्यात बहात्तर माणसं बसलेली असतात, खिडक्या उघडत नाहीत, कोणाच्या मांडीवर लहान मूल असतं. तिथे कोणी मला चार शब्द बोललं तर ते मी घेतो. ती माझी चूक नसली तरी त्या वेळी रेल्वे म्हणून समोर मीच उभा असतो.

उद्धट माणूस निराळा. तो कुठल्या वाक्यावरून ओळखायचा हे तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. ‘मी कोण आहे, माहीत आहे का?’ मराठीत, तमिळमध्ये, हिंदीत, तेलुगूत, चारही भाषांत मी हे ऐकलं आहे. आमच्या मार्गावर वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा असं जसजसं पुढे जावं तसतशी भाषा बदलते, वाक्य बदलत नाही. पूर्वी असा माणूस गार्डाकडची तक्रारवही मागायचा. आता गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, २०२२ पासून, आणि वही कोणी मागत नाही. मोबाईल काढून सरळ तोंडासमोर धरतात. १३९ वर किंवा रेल मदतवर तक्रार गेली की पुढचं स्टेशन यायच्या आत आम्हाला फोन येतो. सोय चांगली आहे, खऱ्या तक्रारीवर पटकन काम होतं. पण कॅमेरा तोंडासमोर असला की हातातला स्पॅनर नीट चालत नाही, हेही खरं.

एकदा एका गृहस्थांनी माझी कॉलर धरली. कारण एवढंच की त्यांच्या बर्थजवळचा चार्जिंग पॉइंट चालत नव्हता. मी शांतपणे म्हणालो, साहेब, रेल्वे कायद्याचं कलम १४६ आहे, कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणण्याबद्दल, आणि पुढच्या स्टेशनवर आरपीएफ आहे. कॉलर सुटली. सोबत टीसी होता, खिशात कायदा होता, नोकरी पक्की होती. मला शांत राहणं परवडलं ते यामुळे. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, भाच्यामुळे कळलं.

माझ्या ताईचा मुलगा क्रूझ जहाजावर केबिन स्टुअर्ड आहे. चेन्नई बंदरातून २०२२ मध्ये क्रूझ सुरू झाली तेव्हा आपल्याकडे त्याची बरीच चर्चा होती. भाचा त्या जहाजावर नाही, परदेशात आहे. हॉटेल मॅनेजमेंट केलं, सीडीसी काढली, सुरक्षेचे कोर्स केले, ताईने कर्ज काढलं. ती आधी पाठवायलाच तयार नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला डायमंड प्रिन्सेस अडकली होती ते तिने टीव्हीवर पाहिलं होतं. त्या जहाजावर आपले १३२ भारतीय कर्मचारी होते. प्रवासी आपापल्या केबिनमध्ये बंद, आणि कर्मचारी दारोदार जेवणाचे ट्रे पोचवत होते. पण मुलगा हट्टाला पेटला, गेला.

तिथलं काम असं. सात-आठ महिन्यांचा करार, आठवड्याची सुट्टी नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती मिळायला हवी. म्हणजे उरलेले चौदा तास तुम्ही कामावर असू शकता. पंधरा-सोळा केबिन सकाळी आणि पुन्हा संध्याकाळी करायच्या. राहायचं खाली, पाण्याच्या पातळीजवळ, दोघांत एक खोली, खिडकी नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, सफर संपली की प्रवासी त्याला गुण देतात. त्यावर पुढचा करार.

पहिल्याच करारात एकदा एक मराठी कुटुंब त्याच्या केबिनमध्ये आलं. हा खूश. पण छातीवरच्या पट्टीवर नुसतं नाव, त्यावरून त्यांना काही समजलं नाही. हा टॉवेल ठेवत असताना त्यातल्या बाई नवऱ्याला मराठीत म्हणाल्या, ‘अहो, संडास धुऊन त्याच हाताने टॉवेल ठेवतोय का बघा, या लोकांचा भरवसा नाही.’ हा वळून म्हणाला, ‘नाही हो काकू, हात धुतलेत.’

एवढंच. मी तुम्हाला सांगतोय, याच्यापुढे एक अक्षर नाही. त्या कुटुंबाने तक्रार केली की स्टुअर्ड आमचं खासगी बोलणं ऐकतो आणि उलट उत्तर देतो. साहेबाने बोलावून लेखी समज दिली.

जहाज बंदराला लागल्यावर त्याचा मला फोन आला. इथे रात्रीचे दोन वाजले होते. म्हणाला, ‘मामा, मी परत येतो.’ मी झोपेत होतो. माझ्या अनुभवाच्या जोरावर मी त्याला ऐकवलं, की प्रवासी असेच असतात, मी वीस वर्षं सहन करतोय, कॉलर धरली तरी मी हललो नाही, तू एवढ्याशा गोष्टीने काय रडतोस, आईचं कर्ज आठव. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मामा, तुमच्याकडे टीसी आहे, आरपीएफ आहे, युनियन आहे. मला तर ‘नाही’ हा शब्दसुद्धा वापरायची परवानगी नाही.’ आणि फोन ठेवला.

तो परत आला नाही, करार पुरा केला. नंतर सुट्टीवर आला तेव्हा त्याने मला आणखी एक सांगितलं. जहाज सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांना आणीबाणीची सूचना ऐकायला बोलावतात. लोक यायला कुरकुरतात, सुट्टीवर आलोय, हे काय म्हणून अंगावर येतात. तिथे मात्र हा ऐकत नाही. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाज खडकावर आदळून कलंडलं, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांना ही सूचना अजून दिलेलीच नव्हती. त्या ३२ जणांत आपल्या मुंबईचा एक तरुण वेटर होता. त्याचे अवशेष मिळायला नोव्हेंबर २०१४ उजाडला. भाचा म्हणाला, ‘टॉवेलसाठी मला काय वाटेल ते बोला, मी ऐकून घेईन. पण सूचनेला आणल्याशिवाय मी सोडत नाही.’ हे सांगताना त्याचा आवाज माझ्या ओळखीचा राहिला नव्हता.

आता शेवटचं सांगतो. हे सांगावं की नाही याचा दोन दिवस विचार केला.

२०२४ च्या मे महिन्यात मी कुटुंबासह पासवर सोलापूरला चाललो होतो. रात्री बेडरोल आला, माझ्या उशीच्या खोळीवर तेलाचा डाग. अटेंडंट कंत्राटी पोरगा, वीस-एकवीस वर्षांचा. म्हणाला, सर, सगळे संपलेत, पुढे बघतो. मला कळत होतं की धुलाईवर किंवा पुरवठ्यावर त्या पोराचा काही हक्क नाही. मला जेवढं कळतं तेवढं डब्यातल्या कोणालाच कळत नसेल. तरीही मी उभा राहिलो आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, ‘मी रेल्वेचाच माणूस आहे. मी कोण आहे, माहीत आहे का?’

पोराने स्वतःची उशी आणून दिली. त्याची स्वतःची, दरवाजाजवळ तो जिच्यावर झोपतो ती. खोळ स्वच्छ होती. मुलगी माझ्याकडे बघत होती, बायको खिडकीबाहेर. मी ती उशी घेतली, हेही सांगून टाकतो. सकाळी उतरताना त्याला शंभर रुपये दिले, त्याने घेतले आणि नमस्कार केला.

पुढे काही दिवसांनी भाच्याचा फोन आला तेव्हा मी हे त्याला सांगितलं. म्हटलं, तो हसेल किंवा चिडेल. त्याने फक्त विचारलं, ‘मामा, त्याचं नाव काय होतं?’

मी विचारलं नव्हतं.