महावर्ग आणि मंडळाची खोली
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



ज्ञातीतील होतकरू मुलांना पुस्तके, शुल्क आणि राहण्यास जागा मिळावी, एवढ्याच हेतूने आपल्यासारख्या मंडळांचे विद्यार्थी-निधी उभे राहिले. विद्या दूर होती आणि तिच्यापर्यंत पोचण्यास पैसा लागे. आज आंतरजालामुळे जगातील नामांकित प्राध्यापकांची व्याख्याने खेड्यातील घरातही विनामूल्य ऐकता येतात. तेव्हा आता निधीचे काम संपले, असे काही मंडळी म्हणू लागली आहेत. हा समज कितपत खरा आहे, याचा विचार आज आम्ही आपणांपुढे ठेवणार आहो.

हजारो विद्यार्थ्यांना एकाच वेळी शिकविणाऱ्या या खुल्या वर्गांस त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'मूक' म्हणतात. मराठी कानाला हे नाव चमत्कारिक लागेल. परंतु त्यात नकळत एक सत्य सांगितले गेले आहे. येथे गुरू बोलतो आणि शिष्य बहुधा मूक असतो.

२०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सेबास्टियन थ्रुन आणि पीटर नॉर्विग यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला वर्ग जगाला खुला केला. सुमारे एक लाख साठ हजार लोकांनी नावे नोंदविली. त्यांपैकी सुमारे तेवीस हजारांनी तो पुरा केला. पुढील वर्षी एम. आय. टी. या संस्थेत अनंत अग्रवाल व त्यांचे सहकारी यांनी विद्युत्‌मंडलांचा चौदा आठवड्यांचा अभ्यासक्रम चालविला. नावे आली १,५४,७६३. पहिल्या गृहपाठात निदान एक गुण मिळविणारे २६,३४९ आणि अखेर प्रमाणपत्र मिळविणारे ७,१५७. हा आकडा लहान समजू नये. जन्मभर वर्गात शिकवूनही एवढे विद्यार्थी एका प्राध्यापकाच्या हातून जाणे कठीण. परंतु दारापाशी गर्दी झाली म्हणजे घर भरले असे होत नाही, हा पहिला धडा चालकांना येथेच मिळाला.

दुसरा धडा संकल्पाचा. एम. आय. टी. आणि हार्वर्ड यांच्या २०१७-१८ च्या वर्गांचा हिशेब पाहता, सहभागी झालेल्या शंभरांतील जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पुरा केला. मात्र पडताळलेल्या प्रमाणपत्रासाठी शुल्क भरणाऱ्यांत हेच प्रमाण शेकडा ४६ होते. पैशाने बुद्धी येते असा याचा अर्थ नव्हे. ज्याने मनाशी निश्चय केला तोच शुल्क भरतो, आणि एकदा भरल्यावर सहसा मागे फिरत नाही.

तिसरा धडा शिकविण्याच्या रीतीचा. तासभराचे व्याख्यान चित्रफितीवर जसेच्या तसे उतरवून भागत नाही. श्रोत्यांच्या लाखो नोंदी तपासून २०१४ साली असे आढळले की, सहा मिनिटांच्या आतील चित्रफिती लोक मन लावून पाहतात. पुढे लक्ष ढळते. म्हणून विषयाचे लहान घास करावे आणि प्रत्येक घासानंतर एखादा प्रश्न विचारावा.

चौथा धडा सर्वांत महत्त्वाचा, तो सोबतीचा. २०१३ च्या आरंभी अमेरिकेतील एका वर्गात सुमारे चाळीस हजार विद्यार्थ्यांना गट पाडण्यासाठी एकाच सामाईक तक्त्यावर आपापली नावे लिहिण्यास सांगण्यात आले. तक्ता कोलमडला आणि पहिल्याच आठवड्यात वर्ग थांबवावा लागला. गर्दीचा आपोआप समुदाय बनत नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील सरकारी विद्यापीठात गणित व संख्याशास्त्राचे वर्ग या मार्गाने चालविले गेले. त्यांत पूर्वी नापास झालेली आणि बेताच्या स्थितीतील मुले पुष्कळ होती. पहिल्या सत्राचा निकाल इतका निराशाजनक लागला की जुलैमध्ये प्रयोग स्थगित झाला. ज्यांना आधाराची गरज अधिक, त्यांनाच एकटे सोडणे महाग पडले. उलट, एम. आय. टी. च्या त्या पहिल्या वर्गाच्या अभ्यासात असे दिसले की, ज्यांनी एखाद्या सहाध्यायाबरोबर किंवा जाणकाराबरोबर समोरासमोर बसून अभ्यास केला, त्यांचे गुण एकट्याने शिकणाऱ्यांपेक्षा सुमारे तिनांनी अधिक होते.

आपल्या देशात आय. आय. टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी चालविलेला 'एन्‌पीटेल' हा उपक्रम आणि २०१७ साली सुरू झालेले 'स्वयम्' हे व्यासपीठ सर्वांना परिचित आहे. 'एन्‌पीटेल'मध्ये शिकणे विनामूल्य. प्रमाणपत्र हवे असल्यास शुल्क भरून परीक्षाकेंद्रावर प्रत्यक्ष बसावे लागते. दर आठवड्याचा गृहपाठ ठरलेल्या तारखेस द्यावा लागतो. शिवाय अनेक महाविद्यालयांत स्थानिक केंद्रे असून तेथील अध्यापक विद्यार्थ्यांची विचारपूस करतात. व्याख्यान दुरून यावे, परंतु विचारपूस जवळच्याने करावी, हे तत्त्व येथे ओळखले गेले आहे.

यावरून आमची मंडळास नम्र सूचना अशी. आठवड्यातून एक संध्याकाळ मंडळाची खोली या विद्यार्थ्यांसाठी उघडी ठेवावी. तेथे विषय शिकविणारा पंडित नसला तरी चालेल, "या आठवड्याचा गृहपाठ दिलास का?" एवढे आस्थेने विचारणारा एखादा निवृत्त गृहस्थ किंवा शिकलेली भगिनी पुरे. जो विद्यार्थी पहिले चार आठवडे गृहपाठ नेमाने देईल, त्याचे परीक्षाशुल्क निधीतून द्यावे. आणि ज्ञातीतील ज्या सुनांचे शिक्षण लग्नानंतर अर्धवट राहिले, त्यांच्यासाठी घरच्यांनी ती संध्याकाळ कामातून मोकळी करून द्यावी. घरात यंत्र आहे, परंतु निवांत तास नाही, अशी त्यांची स्थिती आहे. आणि तास देणे हे कोणत्याही विद्यापीठाच्या हाती नाही, ते केवळ आपल्याच हाती आहे.

पूर्वी विद्या दुर्मिळ होती म्हणून पूर्वजांनी पैसा गोळा केला. आज विद्या मुबलक आहे. दुर्मिळ झाली आहे ती सोबत. ती देणे हे ज्ञातिसंस्थेचे मूळचेच काम होय. मंडळाने ते याच वर्षी हाती घ्यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.