कातणाऱ्या स्त्रिया : एका चित्राची दोन नावे



माद्रिद येथील प्रादो संग्रहालयात दिएगो वेलास्केथ या स्पॅनिश चित्रकाराचे एक मोठे तैलचित्र आहे. त्याचा काळ साधारणपणे १६५५ ते १६६० असा मानला जातो. अनुवादकाला येथे प्रथम अडवते ते चित्राचे नाव. कारण त्याला नावे दोन आहेत.

लोकांच्या तोंडी रुळलेले नाव 'कातणाऱ्या स्त्रिया'. ते सार्थही आहे. समोर पाच स्त्रिया कामात गढलेल्या दिसतात. डावीकडे डोक्याला पांढरे फडके बांधलेली एक वयस्क स्त्री चरखा फिरवीत आहे. चाक इतके वेगात आहे, की आरे दिसेनासे होऊन केवळ धूसर चकाकी उरते. मध्ये, सावलीत, एक जण लोकर विंचरते. उजवीकडे एक पाठमोरी तरुणी लडी उकलून गुंडा करते. एकोणिसाव्या शतकात तर हे माद्रिदच्या सांता इसाबेल भित्तिपट-कारखान्यातील दृश्यच मानले जाई.

परंतु १६६४ सालच्या एका खाजगी संपत्तीच्या यादीत 'अराक्नीची कथा' अशा नावाने वेलास्केथच्या चित्राची नोंद आहे. ही नोंद १९४८ मध्ये प्रसिद्ध झाली. मग मागच्या उजळ दालनातील शिरस्त्राणधारी आकृतीचा अर्थ लागला. ती मिनर्व्हा देवी, तिच्यासमोर अराक्नी, आणि भिंतीवरचा पट तिशियनच्या 'युरोपाचे हरण' या चित्राबरहुकूम. ओव्हिडच्या काव्यात अराक्नी ही लोकर रंगविणाऱ्याची मुलगी. तिने देवीला विणकामात आव्हान दिले. तिच्या कामात खोट सापडेना, तेव्हा देवीने तो पट फाडला आणि अखेर तिला कोळ्याचा जन्म दिला.

मग मराठीत कोणते नाव ठेवावे? कथेचे नाव ठेवले, तर समोरचे श्रम केवळ प्रस्तावना ठरतात. त्या काळच्या स्पेनमध्ये हातांच्या कामावर पोट भरणे कमीपणाचे होते. वेलास्केथला सांतियागो या सरदारी पंथात घेण्यापूर्वी चौकशी झाली, तेव्हा त्याने चित्रकला हा पोटाचा धंदा केला नाही, अशा साक्षी दिल्या गेल्या. १६५९ मध्ये त्याला प्रवेश मिळाला. त्याच सुमारास रंगविलेल्या या चित्रात मात्र देवी दूर व लहान आहे. राबणारे हात अगदी पुढे आहेत.

म्हणून मी 'कातणाऱ्या स्त्रिया' हेच नाव ठेवतो आणि दुसरे त्याच्याखाली लिहितो. अराक्नीही अखेर यांच्यातलीच होती.