भर उन्हात फ्लॅश कशाला?



मी मूळचा सांगलीकडचा. नोकरीमुळे चंडीगडला राहतो आणि फोटो काढायचा नाद जुना आहे. उन्हात फ्लॅश वापरताना पाहिलं की लोक हसून विचारतात, "अहो, एवढं लख्ख ऊन पडलंय, आणि फ्लॅश कशाला?" त्याचं उत्तर माझ्या एका फसलेल्या फोटोत आहे.

काही वर्षांपूर्वी मे महिन्याच्या अखेरीस आई-अप्पा इकडे आले होते. त्यांना सुखना तलावावर नेलं. शिवालिकच्या टेकड्यांतून येणारा ओढा अडवून १९५८ साली हा तलाव केला. भर दुपारी दोघांना काठावर उभं केलं आणि फोटो काढला. घरी येऊन बघतो तर पाणी सुंदर, टेकड्या सुंदर, अप्पांचा सदरा पांढराफटक. पण टोपीखाली चेहऱ्याच्या जागी काळोख. पदराखाली आईचंही तेच. आई म्हणाली, "तळं झ्याक आलंय रे. पण आम्ही कुठं हाय?"

असं का झालं? त्या दिवसांत इथे मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. टोपीची, भुवयांची सावली थेट डोळ्यांत उतरते. आपली नजर ऊन आणि सावली दोन्ही सांभाळून घेते, कॅमेऱ्याला ते तितकं जमत नाही. तलाव सांभाळला तर चेहरा काळा, चेहरा सांभाळला तर तलाव पांढरा. या दोन्हींचा मेळ फ्लॅश घालतो.

आधी मोजमाप तलावाचं घ्यायचं. कडक उन्हात आयएसओ १००, शटर १/२०० आणि छिद्र एफ/११ इथून सुरुवात करा. शटर याहून फार वाढवू नका. बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या पुढे साध्या फ्लॅशचा उजेड अर्ध्याच चौकटीवर पडतो. 'हाय स्पीड सिंक' असेल तर पुढे जाता येतं, पण फ्लॅशचा जोर घटतो.

मग अंतर बघा. फ्लॅशचा गाइड नंबर ३६ असेल, तर त्याला ११ ने भागा: सव्वातीन मीटर. पूर्ण ताकदीवर उजेड तिथवर पुरेल. अंतर दुप्पट केलंत तर उजेड चौथाईच उरतो, म्हणून माणसाच्या जवळ जा. फ्लॅश ऑटोवर असेल तर एक स्टॉप कमी ठेवा, नाहीतर चेहरा चुना फासल्यासारखा दिसतो. सावली पुसायची नाही, फक्त उजळायची.

मोबाइलचा दिवा उन्हापुढे टिकत नाही. तिथे माणसाला झाडाच्या सावलीत घ्या, किंवा कुणाला तरी चेहऱ्यासमोर पांढरी चादर धरायला सांगा.

दोन वर्षांनी अप्पा पुन्हा आले. या वेळी एकटेच. त्याच काठावर, तशाच उन्हात त्यांना उभं केलं आणि फ्लॅश मारला. टोपी तीच होती, पण तिच्याखाली डोळे दिसले, डोळ्यांत उजेडाचा ठिपका दिसला. अप्पा बराच वेळ फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "हे तवा का न्हाई केलंस?"

तेव्हा मला येत नव्हतं, मंडळी. आई-अप्पांचा एकत्र असा शेवटचा फोटो तो काळोखातलाच राहिला.

तुम्हाला आता येतंय. या सुट्टीत घरच्यांचे फोटो काढाल तेव्हा आधी त्यांचे डोळे दिसतात का, ते बघा.