लाइन नव्हती, मग भाव कुठून आला?

(मेडशी येथील बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



वेचणीचे दिवस येतात, घरात कापूस येऊन पडतो, आणि नेमका तेव्हाच खेडा खरेदीवाला काटा घेऊन दारात उभा राहतो. म्हणतो, "अकोल्यात आज भाव पडले." खरे सांगतो की खोटे, त्या घडीला आपल्याला कळत नाही. त्या न कळण्याची किंमत आपण क्विंटलमागे मोजतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला ८११० रुपये, मध्यम धाग्याला ७७१० आणि संकरित ज्वारीला ३६९९ रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला. हे आकडे आपल्याला पाठ आहेत. पण पाठ असून काय उपयोग? अकोटला खरोखर काय भावाने माल गेला, ते काटा लागायच्या आधी कळायला पाहिजे.

ही माहिती कुणाच्या तिजोरीत नाही. बाजार समित्यांचे भाव केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेट योजनेत २००० सालापासून गोळा होतात आणि 'डेटा डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी संकेतस्थळावरून फुकट मिळतात. एक तर माणसाने बघायचे, नाहीतर संगणकाच्या प्रोग्रामने मागायचे. या दुसऱ्या वाटेला एपीआय म्हणतात. नावाला घाबरू नका. कचेरीची खिडकी असते ना, तशी ही खिडकी आहे. ठरलेल्या नमुन्यात चिठ्ठी सरकवायची: राज्य कोणते, जिल्हा कोणता, माल कोणता, आणि तुमची किल्ली. किल्ली म्हणजे नाव नोंदवल्यावर मिळणारी अक्षरे-आकड्यांची लांब ओळ. चिठ्ठी बरोबर असली की आतून कागद येतो: बाजार, जात, तारीख, किमान भाव, कमाल भाव आणि सर्वसाधारण भाव.

चिठ्ठी सरकवणारा प्रोग्राम लिहायचा कुणी? आम्ही शेतकीचे पदवीधर. ज्वारीची खोडमाशी ओळखतो, गुलाबी बोंडअळी ओळखतो; पायथन ही संगणकाची भाषा आम्हाला येत नव्हती. आता एआय नावाचे यंत्र निघाले आहे. त्याला साध्या मराठीत सांगितले, की अकोला आणि वाशीम जिल्ह्यांतले कापूस, ज्वारी, तुरीचे भाव रोज आणून दे, तर ते पाच मिनिटांत प्रोग्राम लिहून देते. आम्ही हरखलो. पायथन बसवले, 'रिक्वेस्ट्स' नावाची जोडणी बसवली, किल्ली घातली, चालवले. भाव आले! चार दिवस आम्ही ते कागदावर उतरवून वाचून दाखवले.

पाचव्या दिवशी संध्याकाळी लाइन गेली. संगणक बॅटरीवर चालू होता, आम्ही सवयीने बटण दाबले. भाव आले. कापूस ७५००, ज्वारी ३०००, तूर ७०००. आम्ही वाचायला सुरुवात केली, आणि मागे बसलेली एक म्हातारी बाई, जन्मभर पऱ्हाटीत राबलेली, म्हणाली, "भाऊ, लाइन त गेली हाये, मंग हा भाव आला कोठून?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. लाइन गेली म्हणजे इंटरनेटही गेले होते. रात्री कंदिलाशी बसून प्रोग्राम ओळीओळीने वाचला, तेव्हा तळाशी सापडले. यंत्राने लिहून ठेवले होते, की खिडकीतून उत्तर आले नाही तर हे नमुन्याचे भाव दाखव. चांगुलपणाने लिहिले असेल, प्रोग्राम मधेच बंद पडू नये म्हणून. पण त्या आकड्यांवर कुणी बंडी भरली असती तर? खेडा खरेदीवाला खोटे बोलतो तेव्हा निदान त्याचे तोंड ओळखीचे असते. हे खोटे आमच्याच तोंडून निघाले होते.

आधीच्या चार दिवसांचे भाव खरे होते का? बाजार समितीत फोन लावून एकेक तपासले. निघाले खरे. पण ते कळेपर्यंत झोप लागली नाही.

म्हणून सांगतो, लिहून मिळालेला प्रोग्राम सौदापट्टीसारखा वाचा. वाचल्याशिवाय सही करायची नाही. संगणकाची भाषा येत नसली तरी यंत्रालाच विचारता येते, की ही ओळ काय करते, उत्तर आले नाही तर काय दाखवते. प्रत्येक उत्तरासोबत एक आकडा येतो तोही छापायला लावा. २०० म्हणजे चिठ्ठी पोचली. ४०१ किंवा ४०३ म्हणजे किल्लीची भानगड. ४२९ म्हणजे फार वेळा खिडकी वाजवली, थांबा. पाचशेचा आकडा आला तर बिघाड पलीकडे आहे. मात्र २०० आले म्हणजे भाव आलाच, असेही नाही. कोरा कागदसुद्धा २०० घेऊनच येतो. आम्ही नुसते 'जोवार' लिहिले आणि कोरा कागद आला. तिथे 'जोवार' आणि लगेच कंसात 'सोर्घम' असे, मधे जागा न सोडता, इंग्रजीत लिहावे लागते.

दुसरी गंमत मालेगावची. आपले मालेगाव मेडशीच्या शेजारचे, पण एक नाशिक जिल्ह्यातही आहे. जिल्हा लिहिला नाही तर भलत्याच मालेगावचा भाव हाती पडतो. तिसरी गोष्ट, संकेतस्थळावर नमुना म्हणून जी सार्वजनिक किल्ली ठेवली आहे, तिच्यावर एका वेळी १० च नोंदी मिळतात. आम्हाला वाटले, आज दहाच बाजार भरले! स्वतःची किल्ली घ्या, आणि चिठ्ठीत किती नोंदी हव्यात तो आकडा टाका. ती किल्ली प्रोग्रामात लिहू नका, वेगळ्या फाइलीत ठेवा. नाहीतर प्रोग्राम व्हॉट्सॲपवर पुढे पाठवला की किल्लीही गावभर होते.

आणि भाव बरोबर आला तरी तो तुमच्या कापसाचा नाही. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआय कपात करते, १२ च्या वर घेतच नाही. त्या कागदात ओलावा नसतो. आवक किती झाली, तेही नसते. तारीख मात्र असते, ती आधी वाचा. सुटीच्या दुसऱ्या दिवशी जुना भाव ताजा समजून आम्ही एकदा फसता फसता राहिलो.

आता आमच्या प्रोग्रामात ती नमुन्याच्या भावांची ओळ नाही. उत्तर आले नाही तर तो मोठ्या अक्षरात लिहितो, 'भाव मिळाला नाही', आणि थांबतो. नवा प्रोग्राम कुणीही आणला, अगदी पुण्याहून आणला, तरी आम्ही पहिल्यांदा इंटरनेट बंद करून चालवतो. तरीही भाव दिसला, तर तो प्रोग्राम ठेवत नाही.

बैठक संपली की संगणक इथेच ठेवतो. ज्यांना बघायचे त्यांनी पुढे या. आधी लाइन काढून दाखवू, मग जोडून.