रविवारची गाडी, सोमवारची गाडी



कवी माणूस मोटारगाडीवर बोलणार, हे कळल्यावर आमच्या सिन्नरच्या मित्रांनी माझी भरपूर थट्टा केली. ‘तुझ्या सायकलची हवा गेली तर तू आठवडाभर पायी फिरतोस, तू गाडीवर काय बोलणार?’ त्यांचं खरं आहे. इंजिनातलं मला काही कळत नाही. पण गेल्या वर्षी आमच्या घरात एक गाडी निवडायची वेळ आली आणि त्या निवडीत घरातला वडीलधारा म्हणून मलाही बसावं लागलं. त्याचीच ही हकीकत.

माझा भाचा माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरी करतो. शाळेत असताना त्याच्या कंपासपेटीत गाड्यांची कात्रणं असायची. नोकरी लागल्यावर सात वर्षं पैसे साठवून त्यानं एक जुनी सॅन स्टॉर्म घेतली. हे नाव पुष्कळांनी ऐकलं नसेल. ही परदेशी गाडी नव्हे. ती गोव्यात वेर्ण्याला तयार व्हायची. १९९८ साली ती बाजारात आली. माणसं दोनच बसणार, छत उघडणार, आणि अंग पत्र्याचं नव्हे तर फायबरग्लासचं. आत इंजिन रेनोचं, बाराशे सीसीच्या आतलं, साठेक अश्वशक्तीचं. आज एवढी ताकद साध्या घरगुती गाडीतही असते. पण स्टॉर्म हलकी आणि जमिनीलगत धावणारी, त्यामुळे साठचा वेगही नव्वदसारखा वाटतो. थोड्याच गाड्या निघाल्या आणि पुढं ती बनायची बंद झाली.

ती लाल गाडी आमच्या गल्लीत आली तेव्हा मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांचे हातसुद्धा थांबले. सिन्नरमध्ये विड्या वळणारे हात थांबणं ही साधी गोष्ट नाही. तिथं हजारावर मजुरी मिळते, मिनिटं फुकट घालवून चालत नाही. माझी मोठी बहीण, म्हणजे आपा, त्या बायकांतच होती. तिच्या विड्यांवर भाच्याचा डिप्लोमा झाला होता. ती उठली, गाडीच्या बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाली, ‘अरे, हिला दारंच दोन. मी कुठं बसू?’ सगळे हसले.

पुढं दोन वर्षांनी आपाच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. जीव वाचला, बोलणं परत आलं, पण हातापायात ताकद यायची तर आठवड्यातून तीन दिवस नाशिकला व्यायामाच्या उपचारासाठी न्यायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं. सिन्नर ते नाशिक तीस किलोमीटर, मध्ये मोहदरीचा घाट. एसटीच्या पायऱ्या तिला चढता येईनात. मग भाड्याची गाडी ठरवली.

एका सकाळी ती भाड्याची गाडी आलीच नाही. वेळ चुकू नये म्हणून भाच्यानं आपाला स्टॉर्ममध्ये बसवलं. बसताना ती खाली पडल्यासारखी बसली, पण बसली. खरी पंचाईत नाशिकला झाली. शेजारच्या माणसाला उतरायला दार एकच, डावीकडचं. आणि आपाची डावी बाजूच लुळी. बैठक इतकी खाली की गुडघे छातीशी आलेले. शेवटी दवाखान्याच्या दोन रखवालदारांनी काखेत हात घालून तिला ओढून बाहेर काढलं. या ओढाताणीत तिच्या डोक्यावरचा पदर घसरला. चाळीस वर्षांत परक्या माणसांसमोर जो पदर घसरला नव्हता, तो भर दवाखान्याच्या दारात घसरला. आपा काही बोलली नाही. उजव्या हातानं पदर सावरत राहिली.

यात गाडीचा काही दोष नव्हता. ज्या कामासाठी ती बनलीच नव्हती, ते काम आम्ही तिला सांगितलं होतं.

त्या रात्री भाचा माझ्याकडे आला. म्हणाला, ‘मामू, गाडी विकतो. त्या पैशांत काहीतरी भर घालून कामाची गाडी घेतो.’ मलाही ते पटलं. पण हे आपाच्या कानावर गेलं आणि ती संतापली. अडखळत, एकेक शब्द जुळवत ती त्याला म्हणाली, ‘मी विड्या वळल्या त्या तुला नोकरी लागावी म्हणून. नुसती नोकरीच करत राहावंस म्हणून नाही. ती गाडी विकलीस तर मी नाशिकला यायची नाही.’ झालं! म्हणजे आता दुसरी गाडी, आणि तीही कमी पैशांत.

इथं मला बैलांची गोष्ट सांगू द्या. आमच्याकडचा एक शेतकरी शर्यतीचा खोंड पाळतो. २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली. २०२१ च्या डिसेंबरात महाराष्ट्रात अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठानं शर्यतींचा कायदा वैध ठरवला. मधली सात वर्षं शर्यत नाही, पण खोंडाचा खुराक चालूच. मी एकदा विचारलं, ‘मग औताला का जुंपत नाही?’ तो म्हणाला, ‘कविराज, याला औताला जुंपला की हा पळायचं विसरंल आन् शेतबी धड नांगरायचा नाही. औताला माझा ट्रॅक्टर हाय.’ शर्यती चांगल्या की वाईट, हा वाद वेगळा. पण भाच्याला मी हीच गोष्ट सांगितली, कारण त्याच्या मनात भलतंच चाललं होतं.

त्याला दुसरी गाडीसुद्धा थोडी शर्यतीची हवी होती. एका दालनात विक्रेत्यानं त्याला उघडणारं छत, मोठी चाकं आणि टर्बो इंजिन दाखवलं, आणि पोरगा लगेच भुलला. मी म्हटलं, ‘बाबा, वेगाची हौस भागवणारी एक गाडी तुझ्याकडे आहेच. तीच हौस दुसऱ्यांदा विकत कशाला घेतोस? पहिली जे करू शकत नाही, तेवढंच दुसरीला विचार.’ मग आम्ही कागद घेतला आणि पहिली जे करू शकत नाही त्याची यादी केली.

यादीत पहिली होती बैठकीची उंची. उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की बसल्यावर कंबर गुडघ्यांच्या खाली जाता कामा नये. चाकाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण वीस इंच असते. गाडीची बैठक तिच्या बरोबरीची किंवा थोडी वर असली तर माणूस सरकून बसू शकतो. मग जुन्या गाड्यांच्या बाजारात आम्ही शिंप्याची टेप घेऊनच फिरलो. इतर गिऱ्हाइकं इंजिनाचा आवाज ऐकत होती आणि आम्ही बैठका मोजत होतो!

दुसरं, दार. ते रुंद उघडायला हवं, आणि उजव्या बाजूला मागं दार हवंच, कारण आपाचा उजवा पाय धड आहे. तो आधी जमिनीवर टेकला की बाकीचं शरीर त्याच्यामागं येतं. हे दार रस्त्याच्या बाजूला येतं, म्हणून उतरायचं ते गाडी आवारात घेऊनच.

तिसरं, इंधन. आठवड्याला तीन फेऱ्या, फेरीचे साठ किलोमीटर, म्हणजे वर्षाला नऊ हजारांहून जास्त किलोमीटर नुसत्या उपचारासाठी. सीएनजी घेतली तर आमच्या हिशेबानं वर्षाला अठरा-वीस हजार वाचत होते. भाचा खूश. पण आम्ही पाहिलेल्या गाड्यांत गॅसची टाकी सगळी डिकी अडवून बसलेली, मग घडीची चाकाची खुर्ची कुठं ठेवणार? दोन लहान टाक्या तळाशी बसवून डिकी बरीचशी मोकळी ठेवायची युक्ती टाटांनी २०२३ मध्ये आणली, पण तशी गाडी आमच्या ऐपतीबाहेर. विजेच्या गाडीचंही तेच. शेवटी सूनबाई म्हणाली, ‘अम्मी खुर्चीशिवाय जाणार नाहीत. पेट्रोलचीच घेऊ या, वरचे पैसे मी शिवणकामातून भरीन.’ त्या वाक्यानं प्रश्न मिटला.

चौथं, सुरक्षितता. घाटातून रोज जाणं, त्यामुळे इथं काटकसर नको. नव्या गाड्यांसाठी २०२३ च्या ऑक्टोबरपासून भारत एनकॅप ही आपली चाचणी सुरू झाली आहे, तिचे तारे पाहता येतात. जुनी गाडी घेणाऱ्यानं निदान तिचं वर्ष पाहावं. घसरू न देणारे ब्रेक, म्हणजे एबीएस, २०१९ पासून सक्तीचे झाले आणि पुढच्या दोन्ही बैठकांना एअरबॅग २०२१ सरता सरता. म्हणून २०२२ च्या आधीची गाडी पाहायचीच नाही, असं आम्ही ठरवलं. आणि पट्टा मागं बसणाऱ्यानंही लावायचा. आपा तर आता सूनबाईला आठवण करून देते.

अशी शोधाशोध करून एक उभट, डब्यासारखी पांढरी गाडी घरी आली. १९९९ साली वॅगन आर आली तेव्हा असल्या गाड्यांच्या रूपाला लोक हसले होते. आता कळतं की ती उंची म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांसाठी केवढी सोय आहे. पांढरी गाडी गल्लीत शिरली तेव्हा विड्यांवरून कुणीही मान वर केली नाही. सोमवारी सकाळी आपा खुर्चीवरून तिच्या मागच्या बैठकीवर सरकली. सूनबाईनं नुसता कोपराला हात दिला. पदर जिथल्या तिथं.

आणि स्टॉर्म? पांढऱ्या गाडीनं तिचंही आयुष्य वाढवलं. रोज कारखान्याच्या फाट्यावरचे खड्डे, पावसातला चिखल, ट्रकांची गर्दी, हे सगळं आता पांढरी गाडी सोसते. पण जुनी गाडी झाकून ठेवली की टिकते, हा भ्रम आहे. उभ्या गाडीची बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, उंदीर वायरी कुरतडतात. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. म्हणून भाचा टाकी भरून गाडी उभी ठेवत नाही, नळ्या तपासून घेतो आणि दर रविवारी पहाटे तिला फिरवून आणतो. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, तेही तो चुकवत नाही. कधी गोंदेश्वराच्या देवळापर्यंत, कधी गोंद्याला जिथं समृद्धी महामार्ग लागतो तिथपर्यंत तो जातो आणि परत येतो.

श्रोतेहो, हे सगळं बघताना मला माझी कारकुनी आठवली. बी.ए. झाल्यावर मी एका कार्यालयात चिकटलो. तीस वर्षं आवक-जावक लिहिली आणि मनातल्या मनात त्या नोकरीला शिव्या दिल्या, की हिच्यापायी माझी कविता मागं राहिली. आज वाटतं, उलटंच होतं. घरखर्चाचं ओझं नोकरीनं ओढलं म्हणून कवितेला ते कधी ओढावं लागलं नाही. मला कुणासाठी वाढदिवसाच्या चारोळ्या लिहाव्या लागल्या नाहीत की पुढाऱ्यांची स्तुती करावी लागली नाही. त्या आवक-जावकच्या वहीचे आभार मानायचे राहून गेले होते, ते आज इथं मानतो.

तेव्हा आपल्या घरात हौसेची एखादी वस्तू असेल, गाडी असो, तंबोरा असो, की शर्यतीचा खोंड, तर घाईनं विकू नका. पण रोजच्या कामालाही तिला जुंपू नका. आणि रोजच्या कामाची गाडी निवडायला जाल तेव्हा चालवणाऱ्याची हौस घरी ठेवून, मागं बसणाऱ्याला बरोबर न्या. त्यालाच आधी बसवून आणि उतरवून पाहा.

परवाच्या रविवारी मी आपाकडे होतो. बाहेर स्टॉर्म सुरू झाली आणि कोपऱ्यावरून वळली. आपा खिडकीशी बसली होती. डाव्या हाताची बोटं आता तिला थोडी हलवता येतात. तिच्या मांडीवर सूप होतं आणि सुपात तेंदूचं एकच पान. ते ती हळूहळू गुंडाळत होती. म्हणाली, ‘गेला का? जाऊ दे. उद्या सोमवार आहे, मला घेऊन जायचंय त्याला.’

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)