‘ऌ’ : एका धातूचें अक्षर

मुळाक्षरें म्हणतांना ‘ऋ’च्या पाठोपाठ ‘ऌ’ येतो आणि बहुतेक मुलें तेथें अडखळतात. हें अक्षर लागतें कोठें, असें विचारल्यास उत्तर एकच मिळतें : ‘क्लृप्ति’ या शब्दांत. मग एका शब्दापायीं हें ओझें वाहावें कशाला?

ग्रीक लोकांनीं असें एक अक्षर टाकून दिलें होतें. ‘व’चा उच्चार दाखविणारें तें ‘डायगॅमा’. एका गॅमावर दुसरा ठेवल्यासारखी त्याची आकृति, म्हणून हें नांव. अथेन्सच्या बोलींतून तो उच्चार लोपला, तसें अक्षरहि गळालें; ६ हा आंकडा दाखविण्यापुरतें तें उरलें. परंतु होमरच्या कित्येक ओळी वृत्तांत बसेनात. अठराव्या शतकांत रिचर्ड बेंटली या इंग्रज पंडितानें दाखवून दिलें कीं, गळालेला ‘व’ परत घातला म्हणजे वृत्त जुळतें. असा ‘व’ असलेल्या शब्दास इंग्रजींत ‘डायगॅमेटेड’ असें एक क्वचित् आढळणारें विशेषणच आहे.

आपल्याकडे ‘ऌ’ शिकवावा कीं नाहीं, हा प्रश्न पतंजलीच्या महाभाष्यांतच चर्चिलेला आहे. साताऱ्याचे विख्यात वैयाकरण भास्करशास्त्री अभ्यंकर यांचे नातू वासुदेवशास्त्री यांनीं हा ग्रंथ मराठींत आणला. त्या चर्चेंत एक स्त्री ‘ऋतक’ म्हणावयाचें तें जिभेच्या असमर्थतेमुळें ‘ऌतक’ म्हणते. तिचे बोल जसेच्या तसे सांगावयाचे, तरीहि ‘ऌ’ हवाच!

त्याहून मोठें कारण घरांतलें आहे. ‘कृ’मधील ‘ऋ’चा ‘अर्’ होऊन ‘कर्म’ होतें. त्याच रीतीनें ‘कॢप्’मधील ‘ऌ’चा ‘अल्’ होऊन कल्पना, संकल्प, विकल्प हे शब्द होतात. सांगलीच्या विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें, ती त्यांची कल्पना. लांकडी बाहुल्या केल्या, त्या नाचविण्याची ती क्लृप्ति. दोन्ही शब्द सख्खीं भावंडें. हल्लीं ‘क्लृप्ति’ लिहितांना ‘ल’ला ‘ऋ’ जोडतात. त्यामुळें हें नातें डोळ्यांआड होतें.

महाराष्ट्र शासनानें २००९ सालीं ठरविलेल्या वर्णमालेंत ‘ऌ’ राखला आहे. तो तेथें असेल, तरच एखादें मूल त्याच्याविषयीं विचारील. आणि विचारलें, तर त्याला ‘संकल्पा’चें मूळ सांगतां येईल.